टाकी अडीच मिनिटांची

गावात नवा बंब आला की निम्मं गाव बघायला जमतं. बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघतं, नारळ वाढवला जातो, चाकांखाली लिंबं ठेवतात आणि सायरन वाजला की पोरं कानांवर हात ठेवून हसतात. अमेरिकेत जुन्या बंबाचं पाणी नव्यावर उडवतात, मग सगळे जवान मिळून त्याला ढकलत केंद्रात नेतात. बंब घोडे ओढायचे, त्या काळापासूनची ही प्रथा. माझी नोकरी नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्रातली. हार कितीही मोठा असो, माझं लक्ष पंपाकडे.

लोक मात्र एकच विचारतात, ‘साहेब, पाणी किती मावतं?’ आपल्याकडच्या नेहमीच्या वॉटर टेंडरमध्ये ४,५०० लिटर. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण पंप मिनिटाला १,८०० लिटर फेकणारा असेल, तर पूर्ण जोरावर टाकी अडीच मिनिटांत रिकामी! २० मिलिमीटरच्या नोझलची एकच लाइन जपून चालवली, तरी सात-आठ मिनिटं. टाकीतलं पाणी फक्त सुरुवात करून देतं. पुढची आग विझवायची ती दुसरीकडून आणलेल्या पाण्यावर.

म्हणून पाहुणे पांगले की आमची परीक्षा सुरू होते. सक्शनच्या तोंडाला ब्लँक कॅप लावायची, प्रायमरने आतली हवा काढायची, प्रायमर बंद करायचा आणि व्हॅक्यूम गेजवर डोळा ठेवायचा. काटा जागेवर राहिला तर ठीक. भराभर घसरला, तर कुठून तरी हवा शिरतेय: वॉशर कापलाय, व्हॉल्व्ह नीट बसत नाही किंवा ग्लँड ढिली आहे. नव्या कोऱ्या गाडीतही हे निघतं, आणि ते केंद्राच्या अंगणात निघालेलं बरं.

एवढी काळजी का? पंप पाणी वर ओढतो असं आपण म्हणतो खरं, पण पाणी वर ढकलतो तो बाहेरच्या हवेचा दाब. हिशेबाने तो दहा मीटरपर्यंत पाणी चढवेल. प्रत्यक्षात सात मीटर मिळाले तरी भरून पावलो. चैत्र-वैशाखात विहिरींनी तळ गाठला की लाखोंची गाडी काठावर नुसती उभी राहते. मग लहान पोर्टेबल पंप पाण्याजवळ उतरवायचा किंवा टँकरच्या खेपा लावायच्या. त्यामुळे गाडीबरोबर आम्ही गावातल्या विहिरी, तळी, हायड्रंट यांची यादीही नव्याने करतो. कुठली विहीर किती खोल, काठापर्यंत गाडी जाते का, हे पंप ऑपरेटरला तोंडपाठ हवं.

ड्रायव्हरचा अभ्यास वेगळा. भरलेल्या टाकीत साडेचार टन पाणी असतं. ते डचमळू नये म्हणून आत आडवे पत्रे असतात. तरी अर्धवट भरलेली टाकी वळणावर गाडीला बाहेर ओढतेच. त्यामुळे टाकी भरलेली असताना आणि अर्धी रिकामी असताना अशा दोन्ही वेळा गाडी वळवून बघायची. जवानांनाही ब्रांच, म्हणजे होजच्या टोकाची नोझल लावलेली नळी, पकडण्याचा सराव हवा. पाच किलो दाबाला ती २० मिलिमीटरची ब्रांच तीस किलोंच्या जोराने मागे रेटते. एकट्याच्या आवाक्यातलं ते काम नव्हे.

शेवटी गाडी पेठापेठांतून फिरवतो. कुठल्या बोळात ती वळते, कुठे वायर आडवी येते, कुठे उतरून होज खांद्यावर न्यावा लागेल, हे टिपून ठेवतो. दिवाळीत ही टिपणं हमखास चुकतात. एरवी मोकळ्या असलेल्या बोळाच्या तोंडाशी पाहुण्यांच्या मोटारी आणि फटाक्यांचे स्टॉल असतात. अडीच मिनिटांच्या टाकीला पाठीमागून पाणी पोचवायचं तर दुसरी गाडीही तिथवर यायला हवी. तेव्हा नव्या बंबाचं स्वागत करायचंच असेल, तर दारापुढची वाट मोकळी ठेवा आणि हायड्रंटवर मोटार लावू नका.