गाडी येणार नाही

माझं घर लातूरला, नोकरी नांदेडला. आमच्या उर्दू शाळेची बरीच मुलं रूळ ओलांडून घरी जातात. मागच्या वर्षी सातवीतल्या एकानं विचारलं, "सर, अब गाडी आती क्या?" मी घड्याळ पाहिलं. "पॅसेंजर तर गेली. जा बेटा." तो रुळांत असतानाच मालगाडीचा भोंगा वाजला. पोरगा पलीकडे पोचला, एक चप्पल अलीकडे राहिली. ती उचलताना माझा हात थरथरत होता. वेळापत्रक मला पाठ होतं. त्यात मालगाडी नसते, एवढंच विसरलो होतो.

त्या रात्री बी.एड.च्या दिवसांत वाचलेला एक अपघात आठवला. ९ जून १८६५, इंग्लंडमधलं स्टेपलहर्स्ट. पुलाच्या दुरुस्तीसाठी बेंज नावाच्या मुकादमानं रूळ काढले होते. फ्रान्सच्या बोटीचे उतारू आणणारी गाडी भरती-ओहोटीप्रमाणे रोज वेगळ्या वेळी यायची. बेंजनं चुकून दुसऱ्याच दिवसाची वेळ वाचली. गाडीला अजून दोन तास आहेत, असं तो समजला. झेंडीवाला १००० यार्डांवर हवा होता, तो ५५४ यार्डांवरच उभा होता. १० माणसं मेली, ४० जखमी झाली. कादंबरीकार डिकन्स त्याच गाडीत होता, तो वाचला. बेंजला नऊ महिन्यांची कैद झाली.

मग आठवलं करमाड. नांदेडहून मनमाडकडे जाणारा आमचाच रेल्वेमार्ग. ८ मे २०२०, टाळेबंदीचे दिवस. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर पायी भुसावळकडे निघाले होते. थकून रुळांवरच झोपले. प्रवासी गाड्या बंद होत्या. आता गाडी येणार नाही, असं त्यांना वाटलं. पहाटे मालगाडी आली. १६ जण गेले. रुळांवर त्यांच्या पोळ्या विखुरलेल्या होत्या.

"रुळांवर कुणी झोपतं का?" असं तेव्हा पुष्कळ लोक म्हणाले. खरं सांगतो, स्टाफरूममध्ये मीही म्हणालो होतो.

बेंजच्या हातात वेळापत्रक होतं. माझ्या मनगटावर घड्याळ होतं. त्या मजुरांजवळ शिदोरी होती आणि रात्रभर चालल्याचा थकवा. चूक तिघांची एकच. पण बेंज आणि मी दुसऱ्यांच्या जिवावर चुकलो होतो. जाब विचारायचा तो आधी आम्हाला.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्या मुलाला चप्पल दिली आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "गलती मेरी थी." तो लाजून हसला. आता शाळा सुटली की मी मुलांना फाटकावरून नेतो. दहा मिनिटं जास्त लागतात. कुणी विचारलंच, "सर, गाडी आती क्या?" तर माझं उत्तर ठरलेलं आहे, "आती, बेटा. रुको."