रिकाम्या दोन कड्या

अक्कलकुव्याहून मोलगीला जाणारी एस्.टी. देवगोईचा घाट चढू लागली, तेव्हा माझ्या मांडीवरच्या पिशवीत एक चांदीची माळ होती आणि डोक्यात बराचसा अहंकार. मी पोटापाण्यासाठी महाविद्यालयात मराठी शिकवते. पण गेली काही वर्षे मला जुन्या आदिवासी दागिन्यांचे वेड लागले आहे. कुणी पोस्टाची तिकिटे जमवतो, मी हासळ्या, वाक्या आणि तोडे जमवते. हासळी हे गळ्यातल्या कड्याचे नाव. हिंदीत गळ्याखालच्या हाडालाही हँसलीच म्हणतात. दागिना जिथे बसतो तिथलेच नाव घेऊन बसला, हे वर्गात सांगताना मला फार आवडते.

ती माळ मुंबईच्या एका दुकानातून घेतलेली. तेरा कड्यांच्या साखळीला चांदीचे अकरा रुपये. मधल्या रुपयावर व्हिक्टोरिया राणी आणि साल १८६२. “दीडशे वर्षांपूर्वीची भिल्लांची माळ,” दुकानदार म्हणाला होता. दोन कड्या रिकाम्या होत्या, त्या दाखवून मी किमतीत चांगली घासाघीस केली होती. आता सातपुड्यातल्याच एखाद्या सोनाराकडून तिच्यावर शिक्कामोर्तब करून घ्यावे, एवढाच माझा बेत होता.

मोलगीत होळीआधीचा भोंगऱ्या बाजार भरला होता. डोंगरांतून माणसे उतरत होती, ढोल घुमत होते, गुळाच्या आणि डाळ्यांच्या ढिगांशेजारी साखरेचे हारकंगन लटकत होते. सोनाराचे दुकान म्हणजे एक गादी, एक काटा आणि एक लोखंडी तिजोरी. म्हातारा सोनार राणीकडे ढुंकूनही पाहीना. तो एकेक रुपया उलटा करीत गेला आणि शेवटून दुसऱ्यावर थांबला. त्यावर सहावे जॉर्ज होते. साल १९४४.

“बाई, माळेचं वय थोरल्या नाण्यावरून नाही काढायचं. धाकट्यावरून काढायचं.”

माझी दीडशे वर्षे एका वाक्यात ऐंशीवर आली! मागाहून वाचले, की १८६२ हे साल घातलेले रुपये पुढे १८७४ पर्यंत पडत होते. म्हणजे राणीचे सालही पुरते खरे नव्हे. चांदीचीही तीच कथा. १९३९ पर्यंतच्या तोळाभर वजनाच्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी असे. १९४० पासून ती निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा निघाला.

“आणि ही भिल्लांची, हे कशावरून?” मी घाबरत विचारले.

“घडवणारे आम्ही सोनार. तोच नमुना भिल्ल नेतो, पावरा नेतो, तडवीही नेतो. कुणाची ते अंगावर बघून कळतं, दुकानात नाही.”

गादीच्या कडेला एक म्हातारी बसली होती. पावसाळ्यात गहाण टाकलेल्या वाक्या होळीपूर्वी सोडवायला आली होती. तिने हात पुढे केला. मी माळ दिली. ती रुपयांवरची चित्रे बघेना, सालही बघेना. जपमाळ ओढावी तशी तिने साखळी बोटांतून ओढली. रिकाम्या कडीशी थांबली. पुढे गेली, दुसरीशी थांबली. मग सोनाराला आपल्या बोलीत काही म्हणाली.

“काय म्हणतात आजी?”

“म्हणते, दोनदा अडचण आली होती. एकेक रुपया काढून भागवलं. मोठ्या कष्टानं राखलेली माळ आहे.” सोनार क्षणभर थांबला. “विचारते, तिसऱ्यांदा काय झालं, की सगळीच गेली?”

मला उत्तर देता येईना. वजन मला ठाऊक होते, कस ठाऊक झाला होता, सालही आता बरोबर कळले होते. आणि ज्या दोन कड्यांपायी मी पैसे कमी करून घेतले, त्यांतच त्या घरची सारी हकीकत होती.

म्हातारीने माळ परत दिली, पदराच्या गाठीतून नोटा काढल्या, वाक्या दंडात चढवल्या आणि ती ढोलांच्या दिशेने चालू लागली. सोनाराने तिजोरीतून एक हासळी काढून माझ्यापुढे ठेवली. जुनी होती, आतली बाजू मानेला घासून काचेसारखी गुळगुळीत झालेली. अशी झीज नकली दागिन्याला सहजासहजी आणता येत नाही.

“मुदत उलटली आहे. न्यायची तर न्या.”

“आणि ती बाई आली तर?”

“होळीला येतात कधीकधी.”

मी हासळी हातात घेतली, बराच वेळ धरली आणि त्याच्या पुढ्यात ठेवून दिली. दागिन्यांच्या माझ्या वहीत वजन, साल, गाव असे रकाने आहेत. परतीच्या गाडीत मी त्यांच्याआधी आणखी एक रकाना आखला : कुणाची? आज त्याखाली एकही नाव नाही. या लक्ष्मीपूजनाला मात्र ती माळ पाटावर ठेवणार आहे, रिकाम्या कड्या वर करून.