गुणगुण नेमकी कुठली?

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात, एका हौशी माणसाचा घरी जोडलेला व्हॉल्व्हचा फोनो प्रीअ‍ॅम्प गुणगुणत होता. एक हात खिशात, दुसऱ्यात मीटर. २५० व्होल्टच्या पुरवठ्यापुढे एवढी शिस्त हवीच.

ईसीसी ८३ या व्हॉल्व्हच्या प्लेटवर १७०, कॅथोडच्या दीड किलोओहमवर १.२ व्होल्ट. म्हणजे करंट ०.८ मिलिअँपिअर, प्लेटचा रेझिस्टर १०० किलोओहम, हिशेब चोख. व्हॉल्व्हचं काही बिनसलेलं नव्हतं.

१०० हर्ट्झची गुणगुण असती तर संशय फिल्टरच्या कपॅसिटरवर. ही जाड, ५० हर्ट्झची. रेकॉर्डसाठी लागणारी आरआयएए दुरुस्ती १००० हर्ट्झच्या तुलनेत तिला सातपट फुगवते, आणि पिकअपकडून येतात जेमतेम पाच मिलिव्होल्ट!

इनपुट शॉर्ट केलं, गुणगुण थांबली; म्हणजे ती बाहेरूनच येत होती. टर्नटेबलची अर्थिंगची तार स्क्रूखालून निसटली होती. प्रीअ‍ॅम्प बिचारा उगाच बदनाम.