‘मुक्ता’ चित्रपट आणि आमची लेक

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दोन दिवस राहिले होते. जळकोटच्या घरी ओसरीवर बसून आम्ही दोघे नवरा-बायको पांढऱ्या कपड्यांना नीळ देत होतो. थोरली लेक नांदेडहून सुटीवर आलेली. ती तिथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात एम.ए. करीत होती. तिने एकाएकी विचारले, “तुमचं लग्न झाल्यावर तुम्ही दोघांनी पहिला पिक्चर कोणता बघितला होता?”

आम्ही एकदमच म्हणालो, “मुक्ता!”

“मग आज रात्री आपण सगळे मिळून तोच बघू,” ती म्हणाली.

वाचकहो, तो चित्रपट आम्ही दोनदा पाहिला. पण दोन्ही वेळा एकच चित्रपट पाहिला असे आम्हांस वाटत नाही. त्याचीच ही हकीकत आहे.

पहिल्यांदा पाहिला तो १९९५ च्या उन्हाळ्यात, नांदेडच्या एका टॉकीजमध्ये. जळकोट तेव्हा तालुका झाले नव्हते. नांदेडला जायचे तर सकाळची एस.टी. धरावी लागे. त्या दिवसांत आपल्या समाजाच्या मनात काय होते ते आज तरुणांना सांगावे लागते. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला आणि मराठवाडा पेटला. घरे जळाली, माणसे मारली गेली. पुढे साडेपंधरा वर्षे लढा चालला. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी गौतम वाघमारे यांनी नांदेडमध्ये स्वतःला जाळून घेतले. शेवटी १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्याच १९९४ सालचा डॉ. जब्बार पटेल यांचा हा चित्रपट. त्याला राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा नर्गिस दत्त पुरस्कारही मिळाला.

गोष्ट थोडक्यात अशी. अमेरिकेत वाढलेली मुक्ता आईवडिलांबरोबर महाराष्ट्रात परत येते. घर मोठे, वरच्या जातीचे, राजकारणातले. शिकत असताना तिची ओळख मिलिंदशी होते. मिलिंद दलित चळवळीतला कवी, कार्यकर्ता. दोघांचे प्रेम जमते आणि घराच्या उदारपणाची परीक्षा सुरू होते. मुक्ताचे काम सोनाली कुलकर्णीने केले आणि मिलिंदचे अविनाश नारकर यांनी. याच सोनालीबाई पुढे जब्बार पटेलांच्याच ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ या चित्रपटात माता रमाई झाल्या.

त्या टॉकीजमध्ये आमचे कितीतरी लोक होते. प्रेमाच्या प्रसंगाला एरवी शिट्ट्या पडतात, तिथे सगळे गप्प बसून होते. पडद्यावरचा नायक आपला, त्याचे नाव मिलिंद. राजा मिलिंदाने भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारले, त्या राजाचे हे नाव. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत (आजच्या छत्रपती संभाजीनगरात) कॉलेज काढले आणि पुढे त्याला हेच नाव दिले. मग आपल्या घराघरांत मिलिंद जन्माला आले. आम्ही छाती पुढे काढून टॉकीजबाहेर आलो. परतीच्या गाडीत एकच चर्चा, की ते मोठ्या घरचे लोक मिलिंदला मनापासून पत्करतील का? त्या दिवशी आम्ही दोघेही मिलिंद होतो. परीक्षा त्यांची होती, आमची नव्हती.

दुसऱ्यांदा पाहिला तो लेकीने मोबाईल टी.व्ही.ला जोडून. मुक्ताचा अमेरिकेतला कृष्णवर्णीय मित्र तिला भेटायला येतो, तो भाग लागला होता. आम्ही लेकीला समजावून सांगू लागलो, की अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आपल्या पोरांनी १९७२ साली दलित पँथर काढली. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा त्या देशातल्या कितीतरी राज्यांत गोऱ्या-काळ्यांचे लग्न हा गुन्हा होता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे १९६७ साली रद्द केले.

लेक शांतपणे म्हणाली, “तिथं कायदा होता. आपल्या घरात काय आहे?”

मग तिने सांगितले. मुलगा तिच्याच विद्यापीठातला, एम.एस्सी. झालेला. अभ्यासिकेत ओळख झाली. घर लिंगायत. दोघांना लग्न करायचे आहे.

टी.व्ही. चालूच राहिला. पुढचा चित्रपट आमच्यापैकी कोणी पाहिला नाही.

आमची म्हातारी माय कोपऱ्यात बसून ऐकत होती. ती पहिल्यांदा बोलली. “माय, काय बोललालीस कळलालं का तुला? त्यांच्या देवघरापुढं हात जोडाय लावतील. बाबासाहेबानं जे गळ्यातलं काढलं, ते परत गळ्यात घालून घेतीस का?”

आम्हांस वाटले, म्हातारी खरे तेच बोलली. १४ ऑक्टोबर १९५६ च्या त्या बावीस प्रतिज्ञा तिला अजून तोंडपाठ आहेत. धम्म तिला पुस्तकातून मिळालेला नाही. गावकीचे काम सोडताना, मेलेले ढोर ओढायला नाही म्हणताना तिने तो कमावला आहे.

लेक म्हणाली, “आज्जी, त्यानं मला काही सोड म्हणलं नाही. मी पण त्याला काही धर म्हणलं नाही.”

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. भीती एक नव्हती. १९७८ चा ऑगस्ट आम्ही लहानपणी पाहिलेला आहे. २०१६ साली ‘सैराट’चा शेवट पाहून आख्खे टॉकीज मुके झाले होते, तेही आठवले. आपली पोर त्या घरात गेली आणि तिला वेगळा कप मिळाला तर? तिचा धम्म चुलीमागे लपवावा लागला तर? पहाटे आम्ही दोघांनी ठरवले, की तिला समजावून सांगायचे. सकाळी चहा देताना म्हणालो, “बाई, आपल्यातलाच एखादा चांगला मुलगा बघू की. जात आम्ही मानत नाही, पण धम्म तर एक पाहिजे ना!”

तिने कप खाली ठेवला. “धम्म एकच होता तेव्हा तुम्ही काय केलं? आत्यासाठी स्थळ आलं होतं. मी दाराआड होते, नऊ वर्षांची. मला सगळं आठवतं.”

बंधू-भगिनींनो, हे लिहिताना हात जड होतो, पण लिहिल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही. २००९ साली आमच्या घरच्या धाकट्या मुलीला, म्हणजे लेकीच्या आत्याला, एक स्थळ आले होते. मुलगा शिक्षक, निर्व्यसनी, रीतसर धम्मदीक्षा घेतलेला. घरात बुद्धाची मूर्ती, रोज वंदना. फक्त ते मूळचे मातंग. दोघांचीही पसंती होती. आम्ही त्या माणसांना चहा पाजला, जयभीम केला आणि सांगितले, “पाहुण्यारावळ्यांना विचारून कळवतो.” आम्ही कधीच कळवले नाही. वर्षभरात तिचे लग्न दुसरीकडे लावून दिले.

नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे ऑगस्ट १९७८ मध्ये जिवंत जाळले गेले. नामांतराचे ते शहीद. दरवर्षी त्यांच्या फोटोला आम्ही हार घालतो. पोचिराम मातंग होते. जयभीम म्हणून मरणाऱ्या माणसाला हार घालायचा आणि त्याच्या समाजातला पोरगा जावई म्हणून दारात आला की पाहुण्यांना विचारायचे! ‘मुक्ता’तल्या मोठ्या घराला आम्ही १९९५ साली नावे ठेवली होती. ते घर आमचेच निघाले. आम्ही लेकीसमोर धम्माचे नाव घेतले, पण त्याच्या आड बरेचसे जातीचेच भय होते.

त्या दिवशी बाबासाहेबांचे ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ पुन्हा काढले. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि १९३६ साली न झालेले हे भाषण. एकत्र जेवल्याने जात मोडत नाही, लग्ने झाली पाहिजेत, रक्ताचे नाते जडले की परकेपणा जाईल, असे ते त्यात सांगतात. आणि लगेच पुढे सांगतात, की लोक अशी लग्ने का करीत नाहीत ते पाहा. शास्त्रांवरची श्रद्धा त्यांना करू देत नाही. स्वतः बाबासाहेबांनी १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी रजिस्टर पद्धतीने लग्न केले. त्या जन्माने सारस्वत ब्राह्मण होत्या. आपल्यातल्या कितीजणांनी ते तरी मोकळ्या मनाने पत्करले?

पंधरा दिवसांनी मुलाचे आईवडील आमच्याकडे आले. साधी शेतकरी माणसे. मुलाच्या आईने घरात शिरताच विचारले, “म्हातारीबाई कुठं आहेत?” आणि जाऊन तिच्या पायाशी बसल्या. पाणी प्याल्या, चहा घेतला. आम्ही कपाकडे बघत होतो, ते त्यांच्याही लक्षात आले असावे.

बोलणे अडले ते धर्मावरच. मुलाच्या वडिलांनी हात जोडून सांगितले, की आजोबांची इच्छा सुनेने लिंगधारणा करावी अशी आहे. आम्ही म्हणालो, मग आमचीही इच्छा आहे, जावयाने त्रिसरण-पंचशील घ्यावे. दोन्ही बाजू गप्प. तेव्हा मुलगा बोलला. “लग्नासाठी म्हणून मी दीक्षा घेतली तर ती खोटी होईल. आणि तिनं लिंग बांधलं तर तेही खोटंच. खोट्यावर घर कसं उभारायचं?”

त्याच्या वडिलांनी बराच वेळ मान खाली घातली. मग त्यांनी कल्याणची गोष्ट काढली. बसवकल्याण इथून लांब नाही, सीमा ओलांडली की बीदर जिल्ह्यात. बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांच्या शरणांनी तिथे एक लग्न लावले. मुलगा हरळय्या चांभाराचा आणि मुलगी मधुवरस या ब्राह्मण मंत्र्याची. राजा बिज्जळाने दोघांच्याही बापांना हत्तीच्या पायी देऊन मारले, असे परंपरा सांगते. कल्याणमध्ये त्यानंतर मोठा उत्पात झाला. ते म्हणाले, “आम्ही बसवण्णांचा फोटो लावतो, जयंती करतो. पण हरळय्याच्या सोयऱ्याला घरात घ्यायची वेळ आली की घाबरतो.”

आम्ही त्यांना पोचिराम कांबळे यांची गोष्ट सांगितली आणि आमची २००९ सालची चूकही सांगितली. त्या ओसरीवर दोन घरे पहिल्यांदा खरी बोलली.

ठरले ते असे. कोणी कोणाचा धर्म बदलायचा नाही आणि कोणी आपला लपवायचाही नाही. लग्न विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे नांदेडला नोंदवायचे. हा कायदा आपल्या तरुणांना माहीत असावा म्हणून सांगतो. दोघांपैकी एकजण निदान तीस दिवस ज्या जिल्ह्यात राहिला आहे, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. ती फलकावर लागते. तीस दिवसांत कायदेशीर हरकत आली नाही, तर तीन साक्षीदारांसमोर लग्न होते. दोन सज्ञान माणसांची संमती पुरेशी आहे, भावकीची परवानगी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट सांगितले आहे. आंतरजातीय जोडप्यांना राज्य शासनाचे अर्थसहाय्यही आहे. २०१० साली ती रक्कम ५०,००० रुपये करण्यात आली.

कायद्याने तीस दिवस म्हणायला सोपे आहेत. नोटिशीची बातमी दोन्हीकडच्या नातलगांना लागली. रोज फोन. त्यांच्याकडून धमकीवजा, आमच्याकडून टोमणे. आपलेच एक गृहस्थ म्हणाले, “शिकवून काय केलंत? पोरगी घालवली!” ज्यांना मोर्चात आमच्या पुढे चालताना पाहिले, त्यांच्याच तोंडून हे ऐकले.

साक्षीदार कोण, हा प्रश्न आला तेव्हा लेक म्हणाली, “एक सही आत्याची पाहिजे.” आम्ही तिला फोन केला. फोनवर आधी माफी मागितली. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “माझं आता चांगलं चाललंय, त्याबद्दल बोलू नका. पण मी येते.” ती आली. तिने सही केली, पेन लेकीच्या हातात दिले आणि कचेरीच्या व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. तिथे तिच्याजवळ जायचे धाडस आम्हांस झाले नाही. नंतर लेकच गेली.

संध्याकाळी जळकोटला विहारात छोटा कार्यक्रम केला. वंदना झाली, लेकीने त्रिसरण-पंचशील घेतले. जावई आदराने उभे राहिले, ओठ हलवले नाहीत, तसेच ठरले होते. बौद्धाचार्यांनी सिगालोवाद सुत्तातली पती-पत्नीची कर्तव्ये दोघांना समजावून सांगितली. पतीने पत्नीचा मान राखावा, तिला तुच्छ लेखू नये, एकनिष्ठ राहावे, घराचा कारभार तिच्या हाती द्यावा. पत्नीने एकनिष्ठ राहावे, कामे नीट करावीत, दोन्हीकडची माणसे सांभाळावीत, मिळवलेले जपावे. मुलाची आई शेजारच्या बाईला म्हणाली, “ह्यात धर्म बदलावा असं काय आहे? हे तर सगळ्यांनाच पाहिजे.”

सगळे गोड झाले असे नाही. मुलाचे आजोबा आले नाहीत, अजून बोलत नाहीत. आमच्या वाड्यातली दोन घरेही जेवायला आली नाहीत. लेकीच्या नांदेडच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे आणि बसवण्णांचाही. उद्या लेकरू झाले तर त्याला काय शिकवणार, असे म्हातारीने विचारले. लेक म्हणाली, “प्रश्न विचारायला शिकवू, आज्जी.” म्हातारी हसली नाही, पण तिने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला.

आईवडिलांना आमचे एवढेच सांगणे आहे. लेक किंवा लेक्या असे काही घेऊन दारात उभा राहिला, तर आधी मुलगा-मुलगी माणूस म्हणून कशी आहेत ते पाहा. मग स्वतःला विचारा, की आपण अडतो आहोत ते धम्मासाठी की जातीसाठी? आणि दारात आलेल्या मातंग, चर्मकार, भटक्या घरच्या स्थळाला ‘कळवतो’ म्हणून टांगून ठेवू नका. आम्ही ठेवले होते.

जयभीम!