देवळालीचा ताप

अंबड म्हटलें म्हणजे पुष्कळांस जालना जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव आठवेल. आम्ही गेलों तें अंबड नाशिकचें, कारखान्यांच्या वसाहतीचें. आमचा पुतण्या तेथें नोकरीस असल्यामुळें गेल्या हिवाळ्यांत आम्ही सहकुटुंब आठ दिवस त्याच्याकडे राहिलों. आमच्या वृद्ध काकूही बरोबर होत्या. अंबड हें नांव आंबविण्यावरून पडलें असावें, असा विनोद पुतण्यानें पहिल्याच दिवशीं केला. विनोद म्हणून तो ठीक आहे; व्युत्पत्ति म्हणून त्यास आमची संमति नाहीं.

अंबडाजवळ त्रिरश्मि डोंगरांत पांडवलेणीं आहेत. नहपान क्षत्रपाचा जांवई उषवदात यानें गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेविले व त्यांच्या व्याजांतून भिक्षूंच्या खर्चाची सोय केली, असा लेख तेथें कोरलेला आहे. त्या गोवर्धनाच्या शिवारांत आज द्राक्षांचे मळे आहेत व सुला नांवाचा वाइनचा कारखाना आहे. त्याची पहिली वाइन २००० सालीं बाजारांत आली. पाहुण्यांची तेथें रीघ लागते. पण पुतण्याचा ओढा द्राक्षांपेक्षां जवाकडे. परगांवीं गेला कीं तेथील बिअरची लहानशी भट्टी शोधून पाहावयाची, हा त्याचा छंद. घरांत ही गोष्ट त्यानें लपविली नव्हती, हें आम्हांस विशेष वाटलें. आमच्या पिढींत असले छंद गच्चीवर व अंधारांत चालत.

एके दिवशीं त्यानें आम्हांस देवळालीस नेलें. तेथें आज तोफखान्याची शाळा आहे. १८६१ च्या सुमारास इंग्रजांनीं येथें छावणी घातली. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई स्वदेशीं जाण्यापूर्वीं येथें येऊन थांबत. सैन्याचीं जहाजें मात्र हिवाळ्याच्या हंगामांतच सुटत. तो हंगाम चुकला कीं उन्हाळा व पावसाळा देवळालीच्या बराकींत काढावा लागे. काम नाहीं, कवायत नाहीं, घर समुद्रापलीकडे. मग दारू, हिंवताप आणि भ्रम. अशा मनुष्यास 'डूलाली टॅप' झाला, असें शिपाई म्हणूं लागले. 'डूलाली' म्हणजे देवळाली आणि 'टॅप' म्हणजे आपला ताप! पुढें ताप गळाला व नुसतें 'डूलाली' इंग्रजींत वेडसर या अर्थीं रूढ झालें. आपल्या एका गांवानें परक्या भाषेस असा शब्द द्यावा, हें कौतुकाचें कीं खेदाचें, तें आम्हांस ठरवितां येत नाहीं. २००९ सालीं पुण्यांत महाराष्ट्रांतील पहिली लहान बिअर-भट्टी निघाली, तिनें हेंच नांव घेतलें.

परत येतांना पुण्यांतील अशाच एका भट्टींत पुतण्यानें आम्हांस नेलें. काकू येणार नाहींत असें सर्वांनीं गृहीत धरलें होतें, कारण त्यांचे धाकटे बंधु दारूनें गेले. पण त्या म्हणाल्या, "मला बघायचंय. ज्यानं माझा भाऊ नेला, ते करतात तरी कसं?"

आंत तांब्यापितळेचीं कांहीं व पोलादाचीं पुष्कळ पिंपें होतीं. चालक तरुण होता. त्यानें काकूंच्या ओंजळींत मूठभर माल्ट दिलें. काकूंनीं एक दाणा चावला आणि लगेच म्हणाल्या, "हें तर सत्त्वच!" खरेंच तें. नाचणीस मोड आणावे, वाळवावी, दळावी व तान्ह्या मुलास द्यावी, तीच ही कृति. येथें धान्य जव, एवढाच भेद. मोड आल्यानें दाण्यांत पिष्टाची साखर करणारें द्रव्य तयार होतें. तें भरडून सुमारें ६५ अंश उष्ण पाण्यांत ठेविलें कीं पाणी गोड होतें. मग हॉप नांवाच्या वेलीचीं कडवट फुलें घालून तें तासभर उकळावयाचें, निववावयाचें व किण्व सोडावयाचें. कडू फुलें स्वादाबरोबर टिकाऊपणाही आणतात. म्हणून हिंदुस्थानाकडे येणाऱ्या बिअरींत इंग्रज तीं जास्त घालीत. बेल्जमच्या एका प्रकारांत संत्र्याची साल व धणे पडतात, हें ऐकून सूनबाईंचे डोळे चमकले.

शास्त्राचें काय, असें वाचक विचारतील. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत सुरेचे गौडी, पैष्टी व माध्वी असे तीन प्रकार सांगून द्विजोत्तमांस तिन्ही वर्ज्य केल्या आहेत. बिअर ही उघड पैष्टी. उलट सौत्रामणि यागांत सुरा लागे व तिच्यासाठीं मोड आलेले भात व जव घेत. शुक्ल यजुर्वेदाचा एकोणिसावा अध्याय पाहावा. एका हातानें दिलें, दुसऱ्यानें काढलें! सरकारचेंही तसेंच. १९४९ चा दारूबंदीचा कायदा आजही लागू आहे. पिणाऱ्याजवळ परवाना असावा असें तो म्हणतो. आणि सौम्य बिअरला २१ वर्षे व कडक मद्यास २५ वर्षे, अशी वयाची अटही आहे.

काकूंनीं मात्र शास्त्र किंवा कायदा विचारला नाहीं. त्या चालकास म्हणाल्या, "बाळ, ह्याची सवय लागते का रे?"

तो क्षणभर थांबला. विक्रेत्यास गोड उत्तर सुचण्यास वेळ लागत नाहीं. पण तो म्हणाला, "लागते, आजी. कडक दारूपेक्षां हिच्यांत मद्यार्क कमी, शेकडा पांचाच्या आसपास. पण लागायची त्याला हीही लागते."

काकूंनीं मान हलविली. पुतण्यानें एक पेला मागविला व खिशांतील मोटारीची किल्ली काढून सूनबाईंच्या हातीं दिली. हें त्यांच्यांत आधींच ठरलेलें असावें. आम्हीं दोन घोट घेतले. कडू लागले, पण मागाहून केळ्याचा व लवंगेचा वास आला. तो किण्वाचा गुण, असें कळलें. काकूंनीं पाणी घेतलें. पुतण्याचा पेला संपेपर्यंत त्यांनीं त्याच्यावरून दृष्टि काढली नाहीं. आणि त्यानेंही दुसरा मागविला नाहीं.

निघतांना मागल्या दारीं उरलेल्या चोथ्याच्या गोणी रचलेल्या दिसल्या. गवळी येऊन त्या म्हशींसाठीं नेतो. काकूंनीं दुधाचा भाव विचारला.