छातीचा फोटो चांगला, मग रक्त कुठून?

आमच्या वस्तीत छातीच्या फोटोवर फार विश्वास. फोटो स्वच्छ आला की माणूस बरा, पांढरा डाग दिसला की टीबी, एवढेच गणित. आमचे थोरले दादा साखर कारखान्यात हंगामी कामाला. खोकताना रुमालावर रक्त पडले तेव्हा सगळ्या घराने हाय खाल्ली. साताऱ्यात फोटो काढला. दवाखान्यात सांगितले, फोटो नॉर्मल आहे, उष्णता झाली असेल. वहिनींचा जीव भांड्यात पडला. पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त, आणि या खेपेस चहाच्या कपाचा तळ झाकेल इतके. त्याच महिन्यात पुतणीची ठरत आलेली सोयरीक मोडली. पाहुण्यांनी कारण सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही.

मग मिरज गाठली. सातारा-सांगलीकडच्या माणसाला मोठे दुखणे म्हटले की मिरजच आठवते. डॉ. विल्यम वान्लेस यांचे इस्पितळ तिथे १८९४ साली उभे राहिले, रॉन्टजेनने क्ष-किरण शोधले त्याच्या आदल्या वर्षी. टीबीच्या रोग्यांसाठी पुढे वान्लेसवाडीला वेगळे आरोग्यधाम झाले.

तिथल्या डॉक्टरांनी आधी प्रश्नच फार विचारले. रक्त खोकल्यातूनच आले ना, उलटीतून किंवा नाकातून घशात उतरलेले नाही ना? छातीतले रक्त लालभडक, फेसाळ असते. पोटातले बहुधा काळपट, अन्न मिसळलेले. हृदयाचा आजार, रक्त पातळ करायच्या गोळ्या? विडी किती वर्षे? दादा म्हणाले, पंचवीस. लहानपणी काही मोठे दुखणे? यावर आईला आठवले, दादांना डांग्या खोकला झाला होता.

फोटो म्हणजे सपाट सावली, हे आम्हांला तिथे कळले. हृदयाच्या सावलीमागे फुप्फुसाचा बराच भाग झाकतो. श्वासनळीतली बारीक गाठ तर फोटोत सहसा दिसतच नाही. म्हणून आधी बेडका तपासला. हल्लीच्या यंत्रावर टीबीचा जंतू आणि त्याला मुख्य औषध लागू पडेल का, हे दोन तासांत कळते. टीबी निघाला नाही. मग सीटी स्कॅन. डाव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात, नेमक्या हृदयामागे, श्वासनळ्या रुंदावून त्यांत कफ साचत होता. तरीही दुर्बीण घातलीच. चाळिशी उलटलेल्या विडीवाल्याला कर्करोग नाही ना, हे डोळ्यांनी पाहावे लागते म्हणाले. गाठ नव्हती. सगळे तपासूनही काहींच्या रक्ताचे कारण सापडत नाही. त्यांतले बहुतेक बरे राहतात, पण त्यांनी पुन्हा पुन्हा दाखवत राहायचे असते.

दादांना औषधांचा कोर्स झाला, विडी सुटली. (वहिनी म्हणतात, एवढे तरी बरे झाले.) रोज सकाळी ते डावी बाजू वर करून, कमरेखाली उशा घेऊन पडतात आणि वहिनी पाठ थोपटून कफ मोकळा करतात.

डॉक्टरांनी निघताना एक गोष्ट वहिनींकडून दोनदा वदवून घेतली. कपभर रक्त आले किंवा दम लागला तर रात्र काढायची नाही. कुठल्या फुप्फुसातून येते ते ठाऊक असेल तर तीच कूस खाली करून निजवायचे, म्हणजे चांगल्या फुप्फुसात रक्त उतरत नाही. आणि लगेच १०८ ला फोन.