परळचे ‘बैलघोडा’ आणि आमचा काळू

परळला उतरून कुणालाही ‘बैलघोडा’ विचारा, वाट सापडते. दिनशा पेटिट यांच्या देणगीतून, पत्नी साकरबाईंच्या नावे उभे राहिलेले जनावरांचे हे इस्पितळ १९व्या शतकातले.

गटारातून काढलेला काळू रात्रभर केकाटायचा. चाळकरी म्हणाले, “आठ दिवसांत सोडून या.” आम्ही त्याला घेऊन येथे आलो. डॉक्टरांनी आधी कुठे दुखतेखुपते का ते पाहिले. शरीर ठीक निघाले. म्हणाले, “भ्यालाय. ओरडू नका, एकटा बांधू नका.”

त्या रात्री झोपण्याआधी त्याला फिरवून आणले, मंद दिवा ठेवला, शेजारीच अंथरूण टाकले. रोज तेच केले. सातव्या रात्री काळू गाढ झोपला. सकाळी शेजारच्या मावशींनीच भाकरीचा तुकडा आणला.